डावा स्पीकर

मुंबई नाक्याला, टायरवाल्याच्या शेजारी मोईनचं दुकान.
काचेमागे ओळीनं मांडलेले पडदे,
सगळ्यांवर एकच निळा समुद्र,
कुठला कोण जाणे.

"काकू, गाडी कोणती?"
वॅगन आर. दोन हजार अकराची.
"मग नऊ इंची घ्या, फ्रेम कापून बसवतो.
चार जीबी रॅम. मागचा कॅमेरा फुकट."
मी कॅनडा कॉर्नर टाकून बघितलं
तर नऊ इंची थेट समुद्र ओलांडायला निघाली.
"सेटिंग राहिलंय," मोईन म्हणाला.

तसे मला रस्ते पाठ आहेत.
मी विचारलं, "ही 'डावीकडे' कसं म्हणते?"
"म्हणजे?"
"म्हणायला लाव."

पहिलीच्या तोंडी ते 'दावीकडे' झालं.
दुसरी हिंदीशिवाय बोलेचना.
तिसरी सात इंची, जाडसर, कधी न ऐकलेल्या कंपनीची,
खालच्या फळीवर धूळ खात पडलेली.
ती म्हणाली, "डावीकडे वळा,"
पीटीच्या बाई म्हणायच्या तसं,
नाही वळलात तर बघा.

"ही दे."
"काकू, हिला दोनच जीबी..."
"हिचा आवाज फक्त डाव्या दारातून येईल?"

मोईननं हातातला मोबाइल खाली ठेवला.

मग सांगावं लागलं,
बाहेर गाडीत बसलेल्या वामनकडे न बघता.
जानेवारीपासून ह्याच्या जगाला डावी बाजू नाही.
डोळे शाबूत आहेत. पण अर्धी भाकरी खातो
आणि संपली म्हणतो; उरलेली अर्धी
तिथेच, ताटात, त्याच्यासमोर.
उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर आठवड्याची दाढी.
घड्याळ काढ म्हटलं की बारा ते सहा काढतो,
पेन्सिल ठेवून देतो.
आणि हा माणूस भूमी अभिलेखात एकतीस वर्षं
लोकांच्या हद्दी मोजायचा. दिंडोरीला दोन भाऊ
कुऱ्हाडी घेऊन उभे होते तेव्हा
ह्यानं मधे साखळी टाकली होती.
फिजिओ म्हणते, डावीकडून हाका मारत राहा.
पण गाडी मी चालवते.
मी कायम त्याच्या उजवीकडे.

जुना टेप निघाला तेव्हा मागच्या पोकळीत
पार्किंगची पावती सापडली, एक रुपया,
आणि वाळून बेदाणा झालेलं एक द्राक्ष.
मोईननं सगळं पुसून माझ्या हातावर ठेवलं,
द्राक्षासकट.
पडद्यावर बॅलन्सच्या पानात एक ठिपका असतो, मधोमध.
त्यानं तो बोटानं ढकलत
डाव्या कडेला नेऊन टेकवला.
वायरिंगचे तीनशे वेगळे, म्हणाला,
आणि घेतले.

पहिले अकरा दिवस काही नाही.
ती म्हणायची, हा समोर बघायचा.
मी मुद्दाम लांबून जायचे, डावी वळणं शोधत,
पेट्रोल जाळत,
कधी एकाच चौकाला दोनदा वळसा घालून.
ती न चिडता पुन्हा सांगायची.
मला तिचा थोडा रागच यायला लागला होता.

बाराव्या दिवशी सीबीएस मागे टाकून
अशोक स्तंभाकडे निघालो होतो. पुढे रिक्षा, मागे हॉर्न.
दारातून ती म्हणाली,
"पन्नास मीटरवर डावीकडे वळा."

वामनची मान हलली.
गंजलेला नळ उघडावा तशी, अडत, थांबत,
खिडकीपर्यंत गेली. बाहेर काय होतं
ते मला दिसलं नाही,
माझा पाय क्लचवर होता.

"पन्नास कुठले," तो खिडकीला म्हणाला.
"पस्तीस."

मी इंडिकेटर दिला.